खापरपणजोबांचा माग

महाराष्ट्रातील कोणत्याही बऱ्या स्थितीतल्या घराण्याच्या मूळ पुरुषाविषयी चौकशी केली असता, तो सद्गृहस्थ बाहेरून आला, घोड्यावर बसून आला आणि आल्याबरोबर कोणा तरी राजाने त्याला जमीन इनाम दिली, या तीन गोष्टींबद्दल घरातील समस्त मंडळींचे एकमत आढळते. आणि ज्या मंडळींचे आमटीतील मिठाच्या प्रमाणाबद्दलही उभ्या आयुष्यात एकमत झालेले नाही, त्यांचे या तीन गोष्टींवर व्हावे, हेच वास्तविक संशयाला पुरेसे कारण होय. घोडा बहुधा पांढरा असतो. येण्याची दिशा मात्र घराण्याच्या ऐपतीप्रमाणे बदलते. कोणी धारेहून निघतात, कोणी उदेपुराहून, आणि ज्यांना इतका लांबचा पल्ला झेपत नाही ते निदान देवगिरीहून तरी निघतात. एखाद्या कुळाचा मूळ पुरुष शेजारच्याच गावाहून, भावाशी न पटल्यामुळे, एक म्हैस, दोन मुले आणि तोंडाचा पट्टा चालू असलेली बायको यांसह पायी चालत आला, असे मी आजपर्यंत कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही.

आमचे घराणे इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे. इंदापुराशी मालोजीराजे भोसले यांचे नाव निगडित असल्यामुळे आमच्या मूळ पुरुषाला उदेपुरापर्यंत तंगडतोड करण्याचे कारण पडले नाही. तो मालोजीराजांच्या मागोमाग आला, एवढ्यावर भागले. या मूळ पुरुषापासून माझ्या आजोबांपर्यंत जी दीडदोनशे वर्षांहून मोठी पोकळी होती, ती कौटुंबिक स्मृतीने खापरपणजोबा या एकाच पुरुषाच्या साहाय्याने भरून काढली होती. त्यांनी नांगराच्या फाळाने वाघ मारला होता. त्यांनी भीमेच्या पुरातून खोंड खांद्यावर घेऊन बाहेर काढला होता. आणि त्यांच्या चरित्राचा कळस म्हणजे, १८७५ साली सावकारांविरुद्ध जो मोठा दंगा झाला, त्यात पंचक्रोशीचे नेतृत्व करून त्यांनी सावकाराच्या वाड्यासमोर कर्जरोख्यांची होळी पेटविली होती. माझे थोरले चुलतबंधू सरकारी नोकरीतून सेवानिवृत्त झाल्यावर, आणि हाताखाली कोणी उरले नाही या जाणिवेने काही दिवस अस्वस्थ राहिल्यावर, त्यांनी भावकीचे संमेलन भरवून त्यात छापील वंशावळ प्रसिद्ध करण्याचा संकल्प सोडला, आणि संशोधनाचे काम माझ्याकडे सोपविले. “तुला लिहायला येतं, आणि तसा तू रिकामाच असतोस,” हे त्यांनी दिलेले नियुक्तिपत्र होते.

वंशशोधाचा आरंभ घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून करावा, असा शिष्टसंप्रदाय आहे. आमच्या थोरल्या आत्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्यामुळे त्यांच्या स्मरणशक्तीला कागदाच्या कुबड्या घेण्याची सवय लागलेली नव्हती. त्यांच्या कालगणनेत शक नव्हता, सन नव्हता. मोठा दुष्काळ, प्लेगात गाव माळावर राहायला गेला ते साल, शेपटीचा तारा आणि मानमोडीचा ताप, एवढे चार खांब होते आणि पूर्वजांचे जन्ममृत्यू त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत यथास्थित बसविलेले होते. माझे पणजोबा केव्हा वारले असे विचारताच, स्वतःच्या जन्मापूर्वीची ती घटना त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्यासारखी सांगितली. “तारा निगाला त्या सालाला. तारा मावळल्यावर, पर बाजरी खळ्यात याच्या आदी.” हा तारा म्हणजे १९१० सालचा हॅलेचा धूमकेतू. पुढे जन्ममृत्यूच्या गावनोंदवहीत, जिला सरकार गाव नमुना नंबर चौदा म्हणते, पणजोबांची नोंद सापडली ती त्याच वर्षीच्या श्रावणातली. नोंदवहीने आत्यांच्या सांगण्यात एकाच गोष्टीची भर घातली, ती म्हणजे मृत्यूचे कारण ‘ताप’. परंतु त्या पानावरील बहुतेक सर्व गाव तापानेच वारलेले असल्यामुळे या माहितीला फारसे मोल नव्हते.

खापरपणजोबांविषयी मात्र आत्यांचे बोलणे आश्चर्यकारक रीतीने थोडक्यात आटोपले. वाघ नाही, खोंड नाही, दंगा नाही. “त्यो मानूस लई भांडकुदळ व्हता. आजी सांगायची,” एवढे बोलून त्यांनी तोंडात मिसरी लावली, म्हणजे मुलाखत संपली. चुलतबंधूंनी आपल्या टिपणवहीत हे वाक्य ‘करारी स्वभाव’ असे नोंदवून घेतले.

कोल्हापूर-सांगलीकडील मंडळींची या बाबतीत चांगली सोय आहे. तिकडे हेळवी नावाचे परंपरागत वंशावळकार बैलावर बसून दारी येतात, घराण्यातील पिढ्यान्‌पिढ्यांची नावे अस्खलित म्हणून दाखवितात, नव्या जन्माची नोंद वहीत करून घेतात आणि धान्य, वस्त्र वगैरे घेऊन पुढच्या दाराकडे वळतात. आमच्या दारी बैलावर बसून कोणी आले नाही. आम्हांस कचेरीत जावे लागले.

तत्पूर्वी गावी जाऊन पूर्वजांची वास्तू डोळ्यांनी पाहावी, अशी सूचना कोणा भाविक नातलगाने केली. परंतु आमचे मूळ गावठाण १९८० साली पुरे झालेल्या उजनी धरणाच्या पोटात गेलेले आहे. ज्या जलाशयास यशवंतसागर असे भारदस्त नाव आहे, त्याच्या तळाशी आमची चावडी, आमचे खळे आणि ज्या बांधावरून आमच्या दोन पिढ्यांनी एकमेकांची डोकी फोडली तो बांध, असे सर्व काही सुखाने नांदत आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. आमच्या घराचे जोते वर आले तर ते पाहावयास कोणी जाईल, असे वाटत नाही. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. एका पायावर उभे राहून, मान पाण्यात घालून, ते आमच्या वडिलार्जित जमिनीची निर्वेध वहिवाट करीत असतात, आणि पीकपाहणीच्या रकान्यात कसणाऱ्याचे नाव म्हणून त्यांची नोंद व्हावी असा अर्ज त्यांनी अद्याप केलेला नाही, याला केवळ त्यांचे कायद्याचे अज्ञान कारण आहे.

गाव बुडाले तरी दफ्तर बुडत नाही. एका कचेरीच्या अभिलेखकक्षात, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, शेतवार पत्रके, कडईपत्रके, फेरफार आणि न जाणो कशाकशाचे गठ्ठे लाल फडक्यांत बांधून ठेवलेले होते. या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. रुमाल सोडताना तेथील कारकून तोंडाला स्वतःचा रुमाल बांधीत असत, आणि एकदा धूळ खाली बसली म्हणजे अत्यंत आपुलकीने विचारीत, “कुळाकडनं बघायचं का सर्व्हे नंबराकडनं?” पूर्वजांचा शोध घेणाऱ्या भाविकास या प्रश्नात थोडी रुक्षता वाटण्याचा संभव आहे, पण शासनाच्या दृष्टीने माणूस हा जमिनीला चिकटलेला एक तपशील असून, जमीन ओळखली की तो आपोआप सापडतो.

आमच्या कुळाची पहिली लेखी नोंद सापडली ती खापरपणजोबांच्या वडिलांची, आणि ती पाहून चुलतबंधूंचा ऊर भरून आला. नावापुढे ‘परागंदा’ असे लिहिलेले होते. ही हंबीरराव, सेनाखासखेल यांसारखी एखादी लष्करी पदवी असावी, असा त्यांचा तर्क होता. आणि ती वंशावळीत नावाआधी घालावी की नंतर, याचा ते विचार करू लागले होते. परागंदा म्हणजे सारा न भरता गाव सोडून पळालेला, हे त्यांना सांगण्याचे अप्रिय कर्तव्य कारकुनांनी मोठ्या सभ्यतेने पार पाडले.

या पलायनामागे मात्र केवळ भ्याडपणा नव्हता, अर्थशास्त्र होते. पेशवाई बुडाल्यानंतर पुणे प्रांतात रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून नवी आकारणी बसविली. विलायतेतील रिकार्डोप्रभृती पंडितांचा खंडविषयक सिद्धान्त त्यास तोंडपाठ होता. प्रत्येक शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा, बाकी राहील ते निव्वळ उत्पन्न, आणि त्यातील शेकडा ५५ सरकारचे, इतका तो हिशेब कागदावर निर्दोष होता. बाजरीला मात्र रिकार्डो ठाऊक नव्हता. पाऊस लहरीप्रमाणे पडला, भाव उतरले, मोजणीत लाच चालली, आणि इंदापुराकडील कुणबी शेते ओसाड टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात चालते झाले. लंडनमध्ये मांडलेल्या एका सिद्धान्ताचे भीमाकाठी खंडन करण्याचा मान ज्या अनेक निरक्षर इसमांकडे जातो, त्यांत आमचे पूर्वज होते. फक्त त्यांनी आपले खंडन पायांनी केले. पुढे १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने पाहणी करून दर उतरविले आणि तीस वर्षांचा करार ठरविला, तेव्हा परागंदा मंडळी हळूहळू परतली. साऱ्या मुंबई इलाख्याला जी जमीनपद्धती पुढे लागू झाली, तिचा पाया असा आमच्या गावावरून, किंबहुना आमच्या गावातून पळालेल्यांवरून, घातला गेला.

शोधात खरी अडचण आली ती नावांची आणि सालांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे रामा बिन कृष्णा, त्याचा मुलगा कृष्णा बिन रामा, त्याचा पुन्हा रामा बिन कृष्णा, अशी दोनच माणसे शंभर वर्षे आळीपाळीने जन्म घेत आहेत असा भास होतो. आडनाव लिहिण्याची तसदी जुन्या लेखकाने घेतलेली नसते, कारण गावातील सर्व लोक त्याला ओळखीचे होते आणि मी येणार आहे हे त्याला माहीत नव्हते. सालांचा प्रकार याहून बिकट. जोशीबुवांनी जन्माचे टिपण शकात केलेले, कचेरीने मरण फसलीत नोंदविलेले, आणि पेशवाईतला कागद असेल तर त्यावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ अशा थाटाचा सुहूर सन. शकात ७८ मिळवावे, फसलीत ५९०, सुहूरमध्ये ५९९, आणि महिना पाहून त्यात एक वाढवावा की नाही ते ठरवावे. चुलतबंधूंनी हे सर्व आकडे एकाच जातीचे मानून तक्ता केला होता, त्यामुळे शके १७५७ मध्ये जन्मलेले खापरपणजोबा फसली १२९५ मध्ये, म्हणजे जन्माच्या ४६२ वर्षे आधी, वारलेले दिसत होते. अशाही अवस्थेत त्यांनी वाघ मारला, हे विशेष.

तरीही त्या दोन तारखांमध्ये, म्हणजे इसवी सन १८३५ ते १८८५ या पन्नास वर्षांत, खापरपणजोबांनी नक्की काय केले याचा पत्ता लागेना. आणि तो लागला तो अशा ठिकाणी, जेथे जाण्यास भावकीचा एकमुखी विरोध होता.

खापरपणजोबांना एक सख्खा भाऊ होता. त्याच्या वंशजांशी आमचे तीन पिढ्या बोलणे नव्हते. ते का नव्हते हे कोणास सांगता येत नव्हते, पण ते नसावे याबद्दल मात्र सर्वांची खात्री होती. पुनर्वसनात त्यांना दिलेली जमीन आमच्या जमिनीपासून हाकेच्या अंतरावर निघाली, यावरून आमचे परस्परसंबंध सरकारला कळविण्यात कोणी तरी कसूर केली असावी. मी भीत भीत त्यांच्या दारात गेलो. त्या शाखेचे वयोवृद्ध कारभारी ओसरीवर बसले होते, माझे नाव आणि शाखा ऐकून त्यांनी मला बराच वेळ न्याहाळले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “मंग बाभळीचं काय ठरलं तुमचं?”

मला बाभळीतले काही ठाऊक नव्हते. त्यांना त्यात अपमान वाटला. ज्या प्रकरणाने एका शाखेचे तीन पिढ्यांचे जीवन व्यापले, ते दुसऱ्या शाखेने साफ विसरून जावे, याहून मोठा अन्याय त्यांच्या दृष्टीने होणे शक्य नव्हते. त्यांनी सुनेला चहा ठेवण्यास सांगितले आणि स्वतः आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आले. जिंकलेला पक्ष निकाल लागताच कागद चुलीपाशी टाकून देतो. हरलेला पक्ष तो पेटीत घालतो, पेटीला कुलूप लावतो, किल्ली जानव्याला किंवा करदोट्याला बांधतो आणि मरताना मुलाच्या हवाली करतो. त्या पेटीत १८७५ सालच्या मामलेदार कचेरीतील जबान्यांच्या नकला होत्या, मोडीत, पन्नास-साठ ओळींच्या, कसरीने कडा कुरतडलेल्या, पण मजकूर शाबूत.

मोडी लिपीत लेखणी उचलण्याची पद्धत नसल्यामुळे शब्दांमध्ये जागा सुटत नाही, आणि कोणता शब्द कोठे संपतो हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे असते. चुलतबंधूंनी पंधरा दिवसांच्या वर्गात ही विद्या संपादन केली असल्यामुळे त्यांनी प्रथम हातात कागद घेतला आणि दुसऱ्याच ओळीत आनंदाने आरोळी ठोकली. ‘घोडे गावास गेले’ असे तेथे स्वच्छ लिहिले होते. घोडे होते तर! अनेकवचनी होते! पुण्यातील एका जाणत्या मोडीवाचकांनी दुसऱ्या दिवशी तीच ओळ ‘घोडेगावास गेले’ अशी वाचली. नेवाशाकडील घोडेगाव, जेथे जनावरांचा बाजार भरतो, तेथे आमचे खापरपणजोबा म्हैस आणावयास गेले होते.

एकंदर कैफियत अशी. दोघा भावांच्या शेतांमधील बांधावर एक जुनी बाभूळ होती. शके १७९७ च्या वैशाखात खापरपणजोबा म्हैस घेण्यासाठी परमुलखी गेले असता, मागे भावाने ती बाभूळ तोडून तिच्या लाकडाचा नांगर केला. परत आल्यावर त्यांनी फिर्याद दिली. बाभूळ आपल्या हद्दीत होती, तिच्या शेंगा आपली शेरडे खात होती, तिच्या सावलीस आपली बायको भाकरी घेऊन बसत होती, असे सर्व हक्क त्यांनी क्रमवार मांडले होते. भावाने उलट जबानीत बाभळीची सावली दुपारनंतर आपल्या शेतात पडत असल्याचे निदर्शनास आणले होते. नांगर मामलेदारांनी फिर्यादीस देवविला. जबानीच्या शेवटी अंगठा नसून निशाणी होती, आणि कुणब्याची निशाणी नांगर असल्यामुळे, ज्या वस्तूसाठी भांडण चालले होते तिचेच चित्र दोघा भावांनी आपापल्या कागदाखाली काढलेले होते.

आता १८७५ सालचा सावकारांविरुद्धचा उठाव सुपे येथे सुरू झाला तो १२ मे रोजी, आणि त्या दिवशी पंचांगाने वैशाख होता. सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने घेरली, वह्या आणि रोखे ओढून बाहेर काढले, जाळले. तेथून ती लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरली, आणि सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. महाराष्ट्राचा कुणबी इतिहासात पेटून उठला, त्या घटकेस आमचे खापरपणजोबा म्हशीच्या दातांवरून तिचे वय पाहत होते, आणि त्यांचे बंधू कुऱ्हाड घेऊन बाभळीकडे निघाले होते. परतल्यावर उरलेले साल दोघांनी एकमेकांविरुद्ध साक्षीदार गोळा करण्यात घालविले, त्यामुळे उठावाला आमच्या घराण्याकडून माणूस पुरविणे शक्य झाले नाही. चुलतबंधू अर्थातच हे मानावयास तयार नव्हते. ज्यांनी पुरावा जाळला त्यांचा पुरावा कसा सापडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो तर्कशास्त्रदृष्ट्या बिनतोड असल्याचे मी कबूल केले. दुर्दैवाने आमच्याच पेटाऱ्यात पुढे एक गहाणखत निघाले. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यान्वये शेतकऱ्याने करून दिलेले दस्त गावच्या निबंधकापुढे नोंदवावे लागत. तशा नोंदलेल्या या खतात खापरपणजोबांनी सावकाराची ‘मागील बाकी’ पैन्‌पै कबूल केलेली होती. जाळलेल्या रोख्यावरील बाकी आठवणीने स्वतःहून सांगणारा क्रांतिकारक जगाच्या इतिहासात दुसरा नसावा.

या सर्व खटाटोपातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सरकारला माणूस आठवतो तो दोनच प्रसंगी, त्याने देणे थकविले तर किंवा भांडण काढले तर. ज्याने सारा वेळेवर भरला, शेजाऱ्याच्या बांधाला पाय लावला नाही आणि सावकाराची पायरी चढली नाही, तो पुण्यपुरुष दफ्तराच्या दृष्टीने जन्मलाच नाही. मराठेशाहीत तर ही गोष्ट शास्त्राच्या पदवीला पोहोचलेली होती. वतनाचा तंटा लागला म्हणजे दोन्ही पक्षांना आपापला करीना लिहून द्यावा लागे, म्हणजे आपण कोण, कोणापासून झालो, वडीलकी कोणाची, होळीची पोळी आधी कोण लावी आणि पोळ्याचा बैल आधी कोणाचा निघे, हे मूळ पुरुषापासून सविस्तर सांगावे लागे. मग गोतसभा बसे, बलुतेदारांच्या साक्षी होत, निकालाचा महजर लिहिला जाई. हरलेला येजितखत लिहून देई आणि त्याबद्दल सरकारात गुन्हेगारी भरी, तर जिंकलेला आनंदाप्रीत्यर्थ हरकी भरी. सरकारला कोणत्याही निकालात तोटा नसल्यामुळे निकाल निःपक्षपाती होत असत. आज आपल्याकडे खेड्यापाड्यांतील सामान्य घराण्यांच्या ज्या विश्वसनीय वंशावळी आहेत, त्यांतील पुष्कळशा या भांडणांच्या पोटी जन्मलेल्या आहेत. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदांचे २२ खंड छापले, सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग सिद्ध केले. त्यांत आमच्या घराण्याचा एकही इसम नाही. पेशवाईत आमची माणसे गुण्यागोविंदाने राहत असली पाहिजेत. त्या नतद्रष्टांमुळे वंशावळीची वरची चार पाने कोरी सोडावी लागली.

नाशकास रामकुंडावरील आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतही खापरपणजोबा भेटले. १८८५ नंतर पणजोबांनी त्यांच्या अस्थी तेथे नेल्या होत्या. उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारले, जाडजूड बाड काढले आणि पाहता पाहता पान समोर ठेवले. नाव होते, गाव होते, ‘बंधू विभक्त’ असा शेरा होता, आणि खाली दक्षिणा एक रुपया, पैकी आठ आणे रोख, आठ आणे पुढील खेपेस, अशी नोंद होती. पुढील खेप आमच्या घराण्यातून झालेली दिसत नव्हती. उपाध्याय काही बोलले नाहीत, नुसते हसले. मी पाकीट काढले. व्याजाचा दर कोणता धरावा यावर आमची थोडी घासाघीस झाली.

एवढ्या कागदांत खापरपणजींचा पत्ता नव्हता. जबानीत त्या बाभळीखाली भाकरी घेऊन बसल्या होत्या, पण नाव नव्हते. तीर्थाच्या वहीत त्या ‘सहकुटुंब’ या शब्दात सामावून गेल्या होत्या. नवरा वारल्यावर, सावकाराने नवे खत मागितले तेव्हा, मयताची बायको म्हणून त्यांचे नाव प्रथमच कागदावर आले, आणि खाली निशाणी म्हणून एक वर्तुळ, म्हणजे बांगडी. कर्ज नवऱ्याचे, बाकी नवऱ्याची, बांगडी विधवेची. ते वर्तुळ इतके सुबक आणि निश्चयी होते की, त्या काळी नांगर फिर्यादीकडे परत आला तो नेमका कोणाच्या पाठपुराव्यामुळे, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. मी हे नाव वंशावळीत घालण्यासाठी पाठविले. चुलतबंधूंनी कळविले की, छापखान्यात वडाच्या झाडाचे जे चित्र तयार आहे, त्यात पारंब्यांना नावे घालण्याची सोय नाही. लेकी-सुना घ्यायच्या तर झाड फार पसरट दिसेल.

संमेलन झाले. वंशावळ चार रंगांत छापून निघाली. तीत खापरपणजोबांच्या हाती तलवार होती. बाभूळवाल्या शाखेला आमच्या शाखेच्या खालच्या फांदीवर बसविलेले होते. त्यांचा पूर्वज थोरला की आमचा, हे कोणत्याच कागदावरून ठरत नाही, असे मी लेखी कळविले होते. परंतु झाडाला दोन शेंडे असू शकत नाहीत, असे छापखानेवाल्याचे मत पडले. कारभाऱ्यांनी भर मंडपात तक्त्यावर बोट ठेवून विचारले, “आमी धाकलं कवापास्नं?” आणि जेवणाची दुसरी पंगत बसलीच नाही.

पंधरवड्याने वकिलाची नोटीस आली. वडीलकीचा प्रश्न निघालाच आहे तर पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीचे वाटपही एकदा तपासून घ्यावे, असा तिचा आशय. चुलतबंधू खचून गेले, पण मी ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचली. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचाही हिस्सा असल्यामुळे वकिलांनी एकही बाई वगळण्याचे धाडस केलेले नव्हते. बारामतीस दिलेल्या, टेंभुर्णीस दिलेल्या, तरुणपणी वारलेल्या, माहेरशी बोलणे टाकलेल्या, साऱ्या आत्या, चुलत आत्या आणि त्यांच्या लेकी, माहेरच्या व सासरच्या नावांसह, वयासह, पूर्ण पत्त्यासह, क्रमांक टाकून ओळीने उभ्या होत्या. वंशावळीच्या झाडावर मावल्या नव्हत्या त्या सगळ्या सामनेवाल्यांच्या यादीत मावल्या होत्या.

चुलतबंधू आता आपसात मिटवावे म्हणतात. मी त्यांना एवढेच सुचविले आहे की, घाई करू नये. भावकीतल्या तिसऱ्या शाखेची कैफियत अजून दाखल व्हावयाची आहे, आणि त्यांच्याकडील दोन पिढ्यांची नावे मला मिळालेली नाहीत.